बाळ घोट घेत नाही तेव्हा



घरातले मोठे माणूस आजारी पडले तर घर सावकाश चालते. पण दीड वर्षाचे धावते मूल आजारी पडले आणि त्याने चमच्यापुढे तोंड मिटून मान फिरवली, की घर जागच्या जागी थांबते. चुलीवरचे दूध उतू जाते, दारावर आलेला भाजीवाला परत जातो, आणि घरातली सारी माणसे एका लहानशा मिटलेल्या तोंडाकडे पाहत बसतात. हा प्रसंग ज्या मातेने अनुभवला नाही अशी माता आमच्या वाचकांत क्वचितच असेल. या विषयावर लिहावे असे कित्येक दिवस आमच्या मनात होते. परंतु गेल्या जून महिन्यात जे पाहिले त्यामुळे ते लिहिणे आमचे कर्तव्यच होऊन बसले.

त्या दिवसांत आमचा मुक्काम ग्वाल्हेरला, लष्करात, एका जुन्या स्नेह्यांच्या घरी होता. लष्कर म्हटले की छावणी डोळ्यांपुढे येते, आणि ते योग्यच आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला. पुढे तंबूंच्या जागी वाडे उठले, वाड्यांभोवती बाजार वसला, छावणीचे शहर झाले. नाव मात्र लष्कर हेच राहिले. शिंद्यांच्या मागोमाग गेलेली मराठी कुटुंबे तेथे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. आमच्या स्नेह्यांचे घर त्यांपैकीच एक. उंबऱ्याबाहेर हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी. ताकाला मठ्ठा म्हणतील, वाटीला कटोरी म्हणतील, पण लेकराला निजवायचे ते मराठीतच.

तेथील जून महिन्याची कल्पना समुद्राकाठच्या माणसाला यावयाची नाही. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. दुपारी लू सुटते, तेव्हा रस्ते ओस पडतात आणि दारेखिडक्या लावून माणसे अंधाऱ्या खोलीत बसतात. अंगाला घाम येतो न येतो तोच वाळून जातो, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले हे कळतही नाही. अशा हवेत आमच्या स्नेह्यांचा नातू, सोळा महिन्यांचा, दोन दिवस तापला होता. आणि तिसऱ्या दिवशी सकाळपासून त्याने अन्न सोडले, पाणीही सोडले.

आरंभी कोणास फारसे काही वाटले नाही. ताप आहे, तोंडाला चव नसेल, असे म्हणून सूनबाईंनी वरणभात बाजूला ठेवला आणि लिंबाचे सरबत केले. बाळाने पहिला चमचा घेतला, आणि अशी किंकाळी फोडली की शेजारीण धावत आली. तिने नजर लागल्याचे निदान केले. आमच्या वहिनींनी, म्हणजे बाळाच्या आजीने, मीठमोहऱ्या ओवाळल्या. बाळाच्या वडिलांनी मोटारीचे चित्र दाखविले. आम्ही स्वतः खिशातून बिस्किट काढून त्याच्या हाती दिले आणि आपल्या चातुर्यावर खूष झालो. त्याने ते तोंडाशी नेले, एकदाच दाताला लावले, आणि हुंदके देत जमिनीवर टाकले. प्रत्येकाचा एक एक उपाय झाला, आणि प्रत्येक उपायानंतर बाळाचा चमच्याविषयीचा संशय वाढत गेला.

दुपारी दोनच्या सुमारास घरातल्या पणजीबाई उठल्या. वय नव्वदीच्या घरातले, पण आवाज खणखणीत. त्यांनी कपाटातून चांदीचे बोंडले काढले. त्याच बोंडल्याने त्यांनी मुले वाढविली, नातवंडे वाढविली. "तुम्ही आजकालच्या मुली मुलाला विचारत बसता. धर त्याचे हात," त्या सूनबाईंना म्हणाल्या. सूनबाईंनी रडत रडत हात धरले. पणजीबाईंनी बाळाला मांडीवर आडवे घेतले, गालावर दाब देऊन तोंड उघडले आणि बोंडले कलते केले. पुढच्या क्षणी बाळाला ठसका लागला. चेहरा लाल झाला, मग काळवंडला. दूध नाकातून बाहेर आले. वहिनींनी त्याला ओढून घेतले, पालथे धरले, पाठीवर थोपटले. मोठ्याने रडू फुटले तेव्हा आम्हा सर्वांच्या जिवात जीव आला. पणजीबाई बोंडले हातात धरून तशाच बसल्या होत्या. त्यांचा हात थरथरत होता.

वाचकहो, आम्ही पणजीबाईंना दोष देत नाही. त्यांच्या काळी पाळण्यातली मुले दगावत, आणि आईच्या हाती प्रेम व जबरदस्ती यांवाचून तिसरे साधन नव्हते. परंतु रडणाऱ्या, हात धरलेल्या मुलाच्या घशात पातळ पदार्थ ओतला तर तो अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतो. त्याने मूल गुदमरते, कित्येकदा फुप्फुसात दाह होतो. म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की ठेवावी: मुलाला आडवे धरून, नाक दाबून, तोंड उघडून कधीही पाजू नये. मूल बसते असावे, जागे असावे, आणि गिळावे की नाही हे त्याचे त्याने ठरवावे.

त्या गोंधळात सूनबाईंनी एक वाक्य उच्चारले, ते फार मोलाचे ठरले. त्या म्हणाल्या, "काका, सकाळी सहाला लंगोट बदलला होता. तो अजून कोरडा आहे." घड्याळात अडीच वाजले होते.

येथे क्षणभर थांबून एक भेद नीट समजून घेऊ या. आजारी मूल जेवत नाही ही एक गोष्ट, आणि आजारी मूल पीत नाही ही दुसरी गोष्ट. पहिलीला वेळ असतो. तापात शरीर आपली सारी शक्ती रोगाशी झगडण्यात घालते आणि भूक आपोआप मंदावते. बरे वाटू लागले की ती दुप्पट होऊन परत येते. अंगाने बऱ्या असलेल्या मुलाने दोनतीन दिवस घास कमी घेतले तर त्याचे फारसे बिघडत नाही. पाण्याचे मात्र तसे नाही. लहान मुलाच्या शरीरात वजनाच्या मानाने पाणी अधिक असते आणि ते झपाट्याने बाहेरही पडते. तापाने त्वचेतून जाते, भरभर चालणाऱ्या श्वासातून जाते. जुलाब किंवा ओकारी असली तर पाहावयासच नको. मोठ्या माणसाच्या रांजणातून तांब्याभर पाणी गेले तर कळत नाही. बाळाचा तर मुळात गडवाच लहान. म्हणून ज्या घरात मूल आजारी आहे तेथे किती खाल्ले याचा हिशेब मागे ठेवावा, आणि किती प्याले व किती वेळा लघवी झाली याचा हिशेब पुढे ठेवावा.

लघवी हा शरीराचा खरा जमाखर्च. सहा ते आठ तास लंगोट कोरडा राहिला तर शरीर पाणी राखून ठेवीत आहे असे समजावे. त्याच्या जोडीला आणखी खुणा पाहाव्यात: मूल रडते पण डोळ्यांत पाणी येत नाही, ओठ व जीभ कोरडी पडली आहे, डोळे आत गेले आहेत, वर्षाच्या आतले मूल असेल तर डोक्यावरची टाळू खोल गेली आहे, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती चटकन सपाट न होता सावकाश बसते. प्रथम मूल चिडचिडे होते आणि पाण्यासाठी हपापते. पुढे पुढे ते शांत होते, मलूल होते. त्या शांततेला आराम समजून पुष्कळ घरे फसतात. किरकिरणारे मूल गप्प झाले, हाक मारली तरी नीट पाहत नाही, असे झाले की एक क्षणही दवडू नये.

बाळ अजून किरकिरत होते, आणि डोळ्यांत थोडे पाणीही होते. त्याचे वडील त्याला ओल्या पंचात गुंडाळून गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन निघाले. आम्हीही बरोबर गेलो. डॉक्टर वृद्ध होते. त्यांनी छातीला नळी लावली, कान पाहिले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, मग बाळ रडत असतानाच विजेरीचा प्रकाश त्याच्या तोंडात टाकला आणि आम्हाला म्हणाले, "या, पाहा." पडजिभेच्या पुढे, जिभेच्या कडेला आणि गालाच्या आतल्या बाजूला पांढुरके, लाल कडेचे फोड होते. मग त्यांनी बाळाचे तळहात व तळपाय उलटून दाखविले. तेथेही मसुरीएवढे चारदोन लाल ठिपके होते. आदल्या दिवशी ते घामोळे समजून त्यांच्यावर पावडर टाकली गेली होती.

बाळाचे तोंड आले होते. हात, पाय आणि तोंड यांवर फोड येणारा हा विषाणूचा आजार पाच वर्षांखालच्या मुलांत पुष्कळ आढळतो. तो बहुधा सात ते दहा दिवसांत आपला आपण बरा होतो. विषाणूंवर प्रतिजैविकांची मात्रा चालत नाही. त्यातला नेहमीचा धोका हा, की दुखण्यामुळे मूल पिणे सोडते. आता सकाळचे सारे प्रकरण उलगडले. लिंबाचे सरबत त्या जखमांवर निखाऱ्यासारखे लागले होते. बिस्किटाची कडा टोचली होती. आणि आम्ही शहाणी माणसे बाळ हट्टी आहे, बाळाला नजर लागली आहे, बाळाचे लाड झाले आहेत, असे म्हणत होतो! त्याला बोलता येत नव्हते, म्हणून त्याने मान फिरवून सांगितले. आम्हाला ती भाषा वाचता आली नाही.

यावरून दुसरी गोष्ट शिकावी. मूल पीत नसेल तर आधी कारण शोधावे. तोंडात पाहावे. कान ओढते काय, घसा दुखतो काय, नाक चोंदल्यामुळे चोखताना श्वास कोंडतो काय, पोट फुगले आहे काय, दात येत आहेत काय, हे पाहावे. नाक चोंदले असेल तर पाजण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचे, डॉक्टरांनी सांगितलेले, थेंब घालून ते मोकळे केले, एवढ्यानेच कित्येक अंगावरची मुले पुन्हा पिऊ लागतात.

डॉक्टरांनी औषधांची मोठी यादी दिली नाही. तापासाठी व वेदनेसाठी बाळाचे वजन करून पॅरासिटामॉलची मात्रा ठरवून दिली, आणि सांगितले, की औषध दिल्यावर अर्ध्या तासाने पाजावयास बसा, कारण तेव्हा दुखणे कमी झालेले असते. अ‍ॅस्पिरिन मुलांना मुळीच द्यावयाचे नाही, हेही बजावले. लिंबू, संत्रे, तिखट, खारट, गरम असे काही नको. गार दूध, गार केलेली पातळ पेज, साखर घातलेले ताजे, आंबट नसलेले दही, हे चालेल. आईचे दूध मागेल तितक्या वेळा. मग ते सूनबाईंना उद्देशून म्हणाले, "रात्री दहापर्यंत लंगोट ओला झाला नाही, किंवा मूल सुस्त पडले, तर मला विचारावयास येऊ नका. थेट इस्पितळ गाठा." लष्करकरांना तेवढा आधार जवळ आहे, १९४६ साली सुरू झालेले गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याची इस्पितळे तेथेच आहेत. आपल्या खेड्यांतल्या कित्येक घरांपासून मात्र मोठे इस्पितळ दूर असते. म्हणून आपण ही मर्यादा अधिकच लवकर ओळखली पाहिजे.

घरी आल्यावर वहिनींनी कारभार हाती घेतला. त्यांनी गणित मांडले ते आम्ही वाचक भगिनींसाठी येथे उतरवून ठेवतो. दहा किलो वजनाच्या मुलाला दिवसभरात सर्व मिळून सुमारे एक लिटर द्रव लागतो. हे ऐकून आईच्या छातीत धडकी भरते, कारण जे मूल एक घोट घेत नाही ते लिटर कसे घेणार? परंतु चहाचा लहान चमचा पाच मिलिलिटरचा असतो. दर पाच मिनिटांस एक चमचा दिला तर तासाला बारा चमचे होतात, म्हणजे ६० मिलिलिटर. सोळा तासांत लिटरच्या जवळ जाऊन पोहोचतो. पेला भरून दिला तर मूल घाबरते, पोटात एकदम गेले तर उलटते. चमचाभर कोणालाही जड नाही. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा, पूर्वीपेक्षा सावकाश, आरंभ करावा. मुलाने ओकले म्हणजे सारेच बाहेर गेले असे नसते. काही ना काही आत राहते.

वहिनींनी कटोरीत मोजून गार दूध घेतले, कागदावर रेघा ओढावयास मुलाला बसविले, आणि सूनबाईंना हुकूम सोडला, "तू आता दोन तास झोप. तुझा रडका चेहरा पाहून तोही रडतो." हा हुकूम आम्हास फार शहाणपणाचा वाटला. तीन रात्री जागलेली आई थकते, घाबरते, आणि तिची भीती मुलाला कळते. आपल्याकडे मूल खात नसेल तर दोष आईच्या माथी मारण्याची वाईट रीत आहे. दूध कमी असेल, लक्ष नसेल, आमच्या वेळी असे नव्हते, असे जो तो येऊन ऐकवून जातो. ऐकवणाऱ्याने त्याऐवजी दोन तास मूल सांभाळले तर अधिक पुण्य लागेल. आणि पुरुषांनीही हे काम आपले मानावे. चमचा धरण्यास पुरुषाचा हात काही कमी पडत नाही.

पहिले चार चमचे बाळाने उडवून लावले. पाचव्याला पणजीबाई पुढे सरकल्या. दुपारपासून त्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. त्यांनी चमचा बाळाच्याच हातात दिला आणि स्वतःचे बोळके तोंड उघडून बसल्या. बाळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्याने चमचा कटोरीत बुडविला आणि अर्धाअधिक सांडत पणजीला दूध पाजले. पणजीने मिटक्या मारल्या. दुसरा चमचा पणजीला, तिसरा आजोबांना, चौथा आम्हाला, आणि पाचवा, विसरून म्हणा किंवा विचार करून म्हणा, त्याने स्वतःच्या तोंडात घातला. चेहरा वाकडा झाला, पण रडू आले नाही. दूध गार होते आणि औषधाने आपले काम केले होते. कोणी टाळी वाजविली नाही, कोणी "शाब्बास" म्हटले नाही. वहिनींनी डोळ्यांनी सर्वांना गप्प केले. खेळ पुढे चालू राहिला. कागदावर रेघा वाढू लागल्या.

रात्री साडेनऊ वाजता तीस रेघा झाल्या होत्या आणि लंगोट कोरडाच होता. बाळाच्या वडिलांनी रिक्षावाल्याला निरोप पाठवून ठेवला. सूनबाईंनी पिशवीत कपडे भरले. कोणी काही बोलत नव्हते. कूलरच्या पंख्याचा तेवढा आवाज येत होता. पावणेदहाला बाळ पणजीबाईंच्या मांडीवर बसले होते. अकस्मात पणजीबाई ओरडल्या, "अगं, माझे लुगडे भिजले!" आयुष्यात अनेक शुभवार्ता आम्ही ऐकल्या, परंतु एका ओल्या लुगड्याने सारे घर इतके आनंदलेले आम्ही कधी पाहिले नाही. वहिनी देवघराकडे वळल्या, सूनबाई पिशवी तशीच टाकून रडावयास बसल्या, आणि पणजीबाई त्या ओल्या लुगड्यानिशी हलल्याच नाहीत. बाळ त्यांच्या मांडीवर झोपी गेले होते.

आता ज्या आजारात हा प्रश्न अधिक बिकट होतो त्याविषयी सांगतो, म्हणजे जुलाब. त्यात पाण्याबरोबर क्षारही जातात. केवळ साधे पाणी देऊन भागत नाही. येथे आपल्याच देशातल्या एका डॉक्टराचे स्मरण करणे उचित होईल. १९७१ साली बांगला देशाच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरच्या बनगाव येथे त्यांच्यात पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे प्रमाणशीर मिश्रण करून ते पाण्यात विरघळवून पिंपांत भरून ठेवले, आणि रोग्यांच्या आयाबहिणींनाच ते पाजावयास सांगितले. पूर्वी शंभरातले सुमारे तीस रोगी दगावत होते. त्यांच्या देखरेखीखाली ते प्रमाण चाराहून खाली आले. साखर आणि मीठ बरोबर असले म्हणजे आतड्याची भिंत दोन्ही एकत्र आत ओढून घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते, हे यामागचे शास्त्र. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. त्यांचे खरे स्मारक मात्र आरोग्य केंद्रात आणि आशाताईंच्या पिशवीत मिळणारी ओआरएसची पुडी हेच आहे.

ती पुडी वापरण्याची रीत काटेकोर पाळावी. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पुड्या २०० मिलिलिटरसाठी. पुडीवर लिहिलेले वाचून तेवढ्याच, उकळून गार केलेल्या पाण्यात ती सबंध ओतावी. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या, असे करू नये. वरून साखर घालू नये, दुधात मिसळू नये. केलेले पाणी झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने द्यावे. पुडी हाताशी नसेल तर ती मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवावा. मीठ जास्त पडणे धोक्याचे आहे, म्हणून हाताच्या अंदाजाने मीठ घालू नये. जस्ताच्या गोळ्याही डॉक्टर किंवा आरोग्यसेविका देतात. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब थांबले म्हणून त्या मध्येच सोडू नयेत.

दुकानातल्या रंगीत बाटल्यांपासून मात्र सावध राहावे. त्यांत साखर फार आणि क्षार अपुरे असतात, त्यामुळे जुलाब वाढू शकतात. अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरू नये, असा आदेश ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने काढला. तसेच ताप-खोकल्याच्या मुलाला दुकानदाराच्या सल्ल्याने खोकल्याचे औषध पाजू नये. २०२५ साली त्याच मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे, जेथे आपली मराठी माणसेही पुष्कळ आहेत, अशा एका औषधात विषारी द्रव्य निघाले. मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली, आणि वीसहून अधिक लेकरे दगावली. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, असे केंद्रीय आरोग्य खात्याने त्यानंतर पुन्हा बजावले आहे.

लंघन हे मोठे औषध, असे आपले वडीलधारे सांगतात. मोठ्या माणसाच्या अजीर्णाला ते लागू पडत असेल. तान्ह्या-धावत्या मुलाला आजारात उपाशी ठेवणे मात्र चूक आहे. आईचे दूध कधीही बंद करू नये. सहा महिन्यांखालच्या मुलाला आईचे दूध पुरते. जुलाब असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ओआरएस द्यावे, साधे पाणी पाजत बसू नये. वर्षाच्या आतल्या मुलाला मध चाटवू नये. मोठ्या बाळाला दोन घास मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, कुस्करलेले केळे, जे घेईल ते, थोडे थोडे व पुष्कळ वेळा द्यावे. घेतले नाही तर ताट मुकाट्याने उचलावे आणि तासाभराने पुन्हा पुढे करावे. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यावे. गेलेले वजन तेव्हा भरून निघते.

आणि शेवटी, ज्या खुणा दिसताच घरगुती उपाय थांबवून इस्पितळाकडे निघावे त्या पुन्हा एकदा लिहितो, कारण हे पान कापून भिंतीला लावावे अशी आमची विनंती आहे. मूल काहीच पिऊ शकत नाही, घेतलेले सर्व ओकून टाकते, झटका येतो, सुस्त किंवा बेशुद्ध होते, श्वास भरभर किंवा कष्टाने चालतो, शौचात रक्त दिसते, आठ तास लघवी नाही, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या मुलाला ताप आला आहे. यांपैकी एकही खूण पुरे. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि शुद्धीवर असलेल्या, गिळू शकणाऱ्या मुलाला वाटेतही चमच्याने पाजत राहावे.

लष्करहून निघण्याच्या दिवशी आम्ही बाळाचा निरोप घ्यावयास गेलो. ते अंगणात पणजीबाईंपुढे बसून मऊ भाताने तोंड, हात आणि पणजीचे गुडघे माखीत होते. चांदीचे बोंडले कपाटात परत गेले होते. जाताना पणजीबाईंनी आम्हाला हळूच सांगितले, की ते आता देवापुढच्या तेलासाठी ठेवले आहे.

शुभवर्तमानातली याईराच्या मुलीची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रभूने त्या मुलीला मरणातून उठविले, घरची माणसे आश्चर्याने थक्क होऊन उभी राहिली, आणि अशा वेळी प्रभूला आठवण झाली ती मुलीला काही खावयास देण्याची. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर इतकी साधी, घरगुती काळजी! ज्या रात्री एखादी माता दर पाच मिनिटांनी एक चमचा पुढे करीत बसलेली असेल, त्या रात्री तिने ही गोष्ट आठवावी. आणि घरातल्या दुसऱ्या कोणी तरी उठून तिच्या हातातला चमचा आपल्या हाती घ्यावा.